'सामान्या' आणि गावाचा इतिहास

इंग्लंडमधील एखाद्या खेड्याचा स्थानिक इतिहास हाती घेतला, की त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती, चर्चचा सर्वांत जुना भाग कोणत्या शतकातला याची चर्चा, जमीन कोणत्या घराण्याकडून कोणत्या घराण्याकडे गेली याचा तपशील, पहिली शाळा, रेल्वे आली ते साल, दोन महायुद्धांत कामी आलेल्यांची यादी आणि शेवटी एखाद्या जुन्या पबचे छायाचित्र. हे लेखन बहुतेक हौशी मंडळींनी केलेले असते आणि त्याविषयी आम्हांला आदरच आहे. लेस्टरला १९४८ मध्ये इंग्लिश स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी कुंपणे, पायवाटा, शेतांचे आकार आणि ओसाड पडलेली खेडी यांनाही पुरावा मानायला शिकविले. शेताच्या बांधाला बोलते करणारी अशी ही परंपरा. मात्र पैसे घेऊन पुरुषाची सोबत करणारी स्त्री या परंपरेतही जवळजवळ मुकीच राहिली आहे.

'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे, की एका ठिकाणी ती भेटते. पण विनोदाचा विषय म्हणून. मध्ययुगीन इंग्लिश गावांत वेश्यावस्तीच्या गल्ल्यांना असलेली उघडीवाघडी नावे पुढे सभ्य करून घेण्यात आली. श्रूजबरीची ग्रोप लेन किंवा यॉर्कची ग्रेप लेन ही अशा सोवळ्या करून घेतलेल्या नावांची उदाहरणे. (मूळ नाव येथे लिहिण्याजोगे नाही, जिज्ञासूंनी शोधावे.) या गल्ल्यांची माहिती स्थानिक मंडळी हौसेने सांगतात, पाहुणे हसतात, छायाचित्रे काढतात. सातशे वर्षांपूर्वीची वेश्या ही गंमत असते, दीडशे वर्षांपूर्वीची लाज असते आणि आजची असते ती शेजाऱ्यांची तक्रार. काळाचे अंतर कमी होत जाते तसतसा गावाचा आवाज बदलतो. या लेखात आम्हांला बोलायचे आहे ते मधल्या टप्प्याविषयी, कारण खरी गाळणी तेथे झाली आहे. त्यासाठी ऑल्डरशॉट या गावाचे उदाहरण घेऊ.

लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे साठ किलोमीटरांवर, हॅम्पशर परगण्यात, ऑल्डरशॉट हे एक खेडे होते. १८५१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८७५ होती. एक चर्च, थोडी शेती आणि भोवती खुरट्या झुडपांचे ओसाड माळरान. हे माळरान स्वस्तात मिळण्यासारखे होते म्हणून १८५४ मध्ये ते लष्कराच्या प्रशिक्षण छावणीसाठी घेण्यात आले. लाकडी बराकी उठल्या. क्रिमियाच्या युद्धाने घाई केली. आणि १८६१ च्या जनगणनेत ऑल्डरशॉटची लोकसंख्या सोळा हजारांच्या वर गेली, त्यात निम्म्याहून अधिक सैनिक. दहा वर्षांत एका खेड्याच्या अंगावर एक शहर येऊन पडले. गावाच्या प्रत्येक इतिहासात ही आकडेवारी अभिमानाने येते. पण या हजारो तरुण पुरुषांना लग्न करण्याची मोकळीक नव्हती, ही गोष्ट त्या आकड्यांच्या शेजारी क्वचितच येते. शंभर शिपायांत सुमारे सहाजणांनाच लष्कराच्या मान्यतेने पत्नी करता येई. इतरांनी लग्न केले तर त्या बायकोला ना बराकीत जागा, ना शिधा. शिपाई तरुण, अविवाहित आणि फिरता असणे लष्कराला सोयीचे होते. मग छावणीच्या कडेला जे उभे राहिले ते माळरानातून आपोआप उगवलेले नव्हते. ते धोरणाचे फळ होते.

त्या फळाची किंमत लष्कराला लवकरच कळली. १८६४ च्या सुमारास ब्रिटिश लष्करातील आजारपणांपैकी सुमारे एक-तृतीयांश गुप्तरोगांची होती. यावर साधा उपाय शिपायांची तपासणी करणे हा होता आणि तो पूर्वी केलाही जात असे. पण त्यामुळे शिपायांचा स्वाभिमान दुखावतो या कारणास्तव १८५९ मध्ये ती नियमित तपासणी सोडून देण्यात आली. स्वाभिमान दुखावण्याचा प्रश्न ज्यांच्या बाबतीत उपस्थित होत नाही, अशी माणसे शोधावी लागली, आणि ती छावणीच्या कुंपणाबाहेर हाताशी होतीच. १८६४, १८६६ आणि १८६९ असे तीन वेळा संसर्गजन्य रोगांविषयीचे कायदे झाले. ऑल्डरशॉट पहिल्या यादीपासून त्यांत होते. साध्या वेशातील पोलिसाने एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवून ती 'कॉमन प्रॉस्टिट्यूट' आहे असे न्यायाधीशापुढे शपथेवर सांगायचे. मग तिने ठरावीक दिवसांनी अंतर्गत तपासणीस हजर राहायचे. रोग आढळला तर १८६९ च्या कायद्यानुसार नऊ महिन्यांपर्यंत 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबून राहायचे. नकार दिला तर तुरुंग. न्यायालयात जायचे नसेल तर 'स्वेच्छापत्रा'वर सही करण्याची सोय होती. ज्यांना लिहिता येत नसे त्या फुली मारीत. संहितेचे अभ्यासक म्हणून आम्हांला त्या फुलीचे फार वाटते. या स्त्रियांनी स्वतःच्या हाताने केलेले लेखन म्हणून बहुतांशी तेवढेच उरले आहे, आणि ते त्यांच्याविरुद्धच वापरले गेले.

आता त्या शब्दाकडे वळू. 'कॉमन प्रॉस्टिट्यूट' म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यांत कोठेही दिलेली नव्हती. ती ओळखण्याचे काम पोलिसाच्या नजरेवर सोपविले होते. येथे 'कॉमन'चा अर्थ 'साधी' असा नाही. सर्वांची, सर्वांना खुली, म्हणजेच कोणा एकाची नसलेली. हे वाचताना आमच्यासारख्यांना संस्कृत काव्यशास्त्रातील नायिकाभेद आठवल्यावाचून राहत नाही. भानुदत्ताच्या 'रसमंजरी'त नायिकेचे तीन प्रकार येतात: स्वीया, परकीया आणि सामान्या. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त तिसरीला साधारणा म्हटले आहे. वर्गात आपण हे भेद शिकवितो, परीक्षेत टीपा लिहावयास सांगतो आणि विद्यार्थी निमूटपणे लिहितात. स्त्री कोणाची आहे, या एकाच प्रश्नावर हे वर्गीकरण उभे आहे याकडे लक्ष वेधणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. (आम्हांला भेटला तेव्हा आम्हीही उत्तर टाळले होते, हे कबूल केले पाहिजे.) परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन परंपरांना, एक आलंकारिकांची आणि दुसरी व्हिक्टोरियन खलित्यांची, एकच विशेषण सुचावे, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. पण आलंकारिकाची सामान्या श्लोकातच राहिली. ऑल्डरशॉटच्या सामान्येला नोंदवहीत क्रमांक मिळाला.

नोंदवहीने काय केले, याचे सर्वांत चांगले विवेचन ज्युडिथ वॉकोविट्झ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्यांचा स्थानिक अभ्यास प्लिमथ आणि साउथॅम्प्टन या बंदरांचा आहे; पण यंत्रणा तीच होती. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे, की कायद्यांपूर्वी यांपैकी बहुतेक स्त्रिया गरिबांच्या वस्तीत इतरांसारख्याच राहत. मोलकरणीचे काम सुटले, धुणावळ पुरेनाशी झाली, की काही महिने वा वर्षे हा मार्ग. पंचविशीच्या आसपास त्यांतील पुष्कळजणी लग्न करून वा अन्य काम धरून त्यातून बाहेर पडत. शेजाऱ्यांना ठाऊक असे आणि ते फारसे मनावर घेत नसत. नोंदणीने हा बाहेरचा रस्ता बुजविला. पोलीस दारात येऊ लागल्यावर घरमालकाला नाव ठेवावेच लागले, शेजाऱ्यांना अंतर धरावेच लागले. आयुष्यातील एक तात्पुरते क्रियापद होते त्याचे कायमचे नाम झाले. सरकारने वेश्येची नोंद केली असे आपण म्हणतो. नोंद करून सरकारने वेश्या घडविली, असे म्हणणे अधिक खरे आहे.

आणि पुरुषांचे काय? १८७१ मधील रॉयल कमिशनने त्याचे उत्तर निःसंकोचपणे दिले आहे. या दोघांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण स्त्री हे पैशासाठी करते आणि पुरुषाच्या बाबतीत ती एका नैसर्गिक प्रेरणेची अनियमित पूर्ती असते, असा त्याचा आशय. इतके सरळ वाक्य शासकीय गद्यात विरळाच सापडते.

ऑल्डरशॉटमध्ये या साऱ्याला एक चेहरा आहे. मिसेस पर्सी ही रंगमंचावर काम करून पोट भरणारी विधवा. छावणीच्या करमणुकीच्या ठिकाणी ती गात असे. पोलिसांनी तिला आणि तिच्या किशोरवयीन मुलीला तपासणीस हजर राहण्यास फर्मावले. तिने नकार दिला, वृत्तपत्राला पत्र लिहून दाद मागितली. पोलिसांचा ससेमिरा लागलेल्या बाईला काम कोण देणार? ते सुटले, गाव सुटले, ती पुन्हा परतली. १८७५ च्या मार्च महिन्यात बेसिंगस्टोक कालव्यात तिचे प्रेत सापडले. हा कालवा उत्तर आणि दक्षिण छावण्यांच्या मधून वाहतो.

कायदे रद्द व्हावेत म्हणून जोसेफिन बटलर यांच्या नेतृत्वाखाली १८६९ पासून स्त्रियांची चळवळ सुरू होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि हॅरिएट मार्टिनो यांच्याही सह्या तिच्या निषेधपत्रावर होत्या. मिसेस पर्सीच्या मृत्यूने चळवळीला धार आली. पण त्या काळचा वाद वाचताना मन खट्टू होते. सरकारपक्ष सांगतो की पोलिसांचा संशय सकारण होता, ती शिपायांबरोबर दिसत असे. चळवळ सांगते की ती निष्कलंक होती. दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर भांडत आहेत: ती 'तशी' होती की नव्हती? ती तशी असती तर कालव्यातील मरण योग्य ठरले असते काय, हे विचारणारे थोडे. छावणीजवळच्या रंगमंचावर गाणारी बाई संशयित असणारच, हे गृहीतक तमाशा आणि संगीत नाटकांच्या प्रांतात वाढलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठी वाचकाचा या कथेशी आणखी एक, कमी सुखद, संबंध आहे. ब्रिटिश लष्कर जेथे गेले तेथे ही व्यवस्थाही गेली. किंबहुना भारतातील छावण्यांत ती आधीपासूनच होती. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा भारतीय सांसर्गिक रोग कायदा यांनी तिला कागदी रूप दिले. इंग्लंडमध्ये हे कायदे १८८३ मध्ये स्थगित आणि १८८६ मध्ये रद्द झाले. त्याच १८८६ मध्ये भारतातील लष्करी मुख्यालयातून एक परिपत्रक निघाले, त्यात छावणीच्या बाजारांत स्त्रियांची संख्या पुरेशी असावी आणि त्या पुरेशा आकर्षक असाव्यात अशी सूचना होती. ते उघडकीस आल्यावर इंग्लंडमध्ये गदारोळ झाला आणि १८८८ मध्ये भारतीय कायदाही रद्द झाला. व्यवहार मात्र थांबला नाही. १८९१-९२ मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉ. कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रिया उत्तरेतील मेरठ, अंबाला, लखनौ आदी छावण्यांत फिरून त्या बायकांशी प्रत्यक्ष बोलल्या आणि सारे जसेच्या तसे चालू आहे, हे त्यांनी लंडनला जाऊन समितीपुढे सांगितले. आमच्याकडे पुणे छावणी १८१७ पासूनची. वानवडी आणि घोरपडी ही तिच्या कडेची गावे. ऑल्डरशॉटसारखीच, एका सकाळी शेजारी लष्कर येऊन बसलेली. त्या गावांच्या इतिहासात देवळे आहेत, पाटीलकी आहे. कुंपणाच्या बाहेरच्या बायकांविषयी स्वतंत्र प्रकरण आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा इंग्लिश खेड्यांच्या इतिहासकारांना नावे ठेवताना आवाज थोडा खाली घेतलेला बरा.

असो. इंग्लंडकडे परत येऊ, कारण हा शब्द १८८६ मध्ये मेला नाही. 'कॉमन प्रॉस्टिट्यूट' हे पद १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यात होते, ते १९५९ च्या स्ट्रीट ऑफेन्सेस ॲक्टमध्येही आले. रस्त्यावर घुटमळण्याचा तो गुन्हा कोणालाही करता येत नसे. जी आधीच 'कॉमन प्रॉस्टिट्यूट' आहे तिलाच करता येई. म्हणजे आरोपपत्राच्या पहिल्या ओळीतच निकाल. हे शब्द कायद्यातून काढले गेले ते २००९ च्या दुरुस्तीने. एकविसाव्या शतकाची नऊ वर्षे उलटल्यावर!

१९५९ च्या कायद्याचा हेतू रस्ते स्वच्छ दिसावेत हा होता, आणि ते दिसू लागले. धंदा घरांत, फ्लॅटांत, टेलिफोनवर गेला. 'एस्कॉर्ट' हा शब्द चलनात आला. या शब्दाची गंमत अशी, की तो मुळात लष्करी आहे: एस्कॉर्ट म्हणजे वाट दाखविणारी, रक्षण करीत सोबत जाणारी सशस्त्र तुकडी. छावणीने कुंपणाबाहेर ठेवलेल्या स्त्रीला शेवटी नाव मिळाले ते छावणीच्याच कोशातून. आज इंग्लंडात एकट्या प्रौढ स्त्रीने स्वतःच्या घरी पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा नाही. पण सुरक्षिततेसाठी दोघी एका घरातून हा व्यवसाय करू लागल्या, की ते घर १९५६ च्या कायद्याखाली कुंटणखाना ठरू शकते. कायदा तिला गुन्हेगार ठरवीत नाही, एकटी मात्र ठरवितो. २०१६ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या गृहविषयक समितीने जागा वाटून घेण्याची मुभा द्यावी, अशी शिफारस केली होती. टेलिफोनवर चालणाऱ्या धंद्याला शहराची गर्दी लागत नाही. तो निवांत गल्लीत, चर्चच्या हाकेच्या अंतरावर, भाड्याच्या घरातही चालू शकतो. पन्नास वर्षांनी त्या गावाचा इतिहास लिहिणारा तेथे राहून गेलेल्या स्त्रीसाठी कोणते कागद चाळील? पुन्हा पोलिसांचेच आणि तक्रारींचेच.

मग काय करावे? या ठिकाणी आमच्यातच मतभेद आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी एकाला वाटते, की जनगणनेत, न्यायालयाच्या कागदांत, इस्पितळाच्या वह्यांत जी नावे आहेत ती गावाच्या इतिहासात यावीत. युद्धात मेलेल्या शिपायाचे नाव दगडावर कोरले जाते, तर त्याच्या छावणीने वापरलेल्या स्त्रीचे कागदावरही का नको? आमच्यापैकी एकीचे म्हणणे याउलट आहे. ज्या स्त्रीने पंचविशीत ते आयुष्य सोडले, गाव बदलले, लग्न केले, नातवंडे पाहिली, तिने विसरले जाणे हे स्वकष्टाने मिळविले होते. अभ्यासकाने सहानुभूतीने का होईना, तिला पुन्हा नोंदवहीत ओढावे, हा पोलिसाचाच उद्योग नव्हे काय? या युक्तिवादाला आमच्याकडे पुरते उत्तर नाही.

एकमत झाले ते एवढ्यावर, की नाव छापा वा न छापा, नोंदवहीने दिलेले नाम उचलू नका. ती कोणाची भाडेकरू होती, भाडे किती देत होती, कोणत्या घरातील मोलकरणीचे काम सुटले, कोणाबरोबर राहत होती, कधी निघून गेली, हे सारे त्याच कागदांत असते. वाचणाऱ्याची नजर मात्र पहिल्याच शब्दावर अडते. हॉस्किन्स यांच्या शिष्यांनी शेताच्या बांधासाठी जेवढी चिकाटी दाखविली तेवढीच येथे पुरे. लंडनच्या सदर्क भागातील क्रॉस बोन्स या दफनभूमीपाशी काहीसे निराळे घडलेले दिसते. जॉन स्टो यांनी १५९८ मध्ये 'एकट्या स्त्रियां'साठी असलेल्या, चर्चच्या आवाराबाहेरच्या ज्या दफनभूमीचा उल्लेख केला आहे ती हीच, अशी समजूत; पुढे ती गोरगरिबांची झाली आणि १८५३ मध्ये बंद पडली. नव्वदच्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामात तेथे सांगाडे निघाले. तेव्हापासून लोक तिच्या फाटकाला फिती, फुले, चिठ्ठ्या बांधत आले आहेत. तेथील प्रत्येक हाड वेश्येचे नाही हे बांधणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांना निवड करायची नाही. अर्थात सदर्क हे महानगर आहे, आणि अनोळखी स्त्रीसाठी फीत बांधणे महानगरात सोपे असते. खेड्यात तिचे आडनाव अजून कोणाच्या तरी दारावर असते.

ऑल्डरशॉटला आजही पाहुणे जातात ते प्रामुख्याने ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा पाहण्यासाठी. सुमारे चाळीस टनांचा हा पुतळा लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला नकोसा झाला म्हणून १८८५ मध्ये, कायदे रद्द होण्याच्या आदल्या वर्षी, येथे आणून एका टेकाडावर बसविण्यात आला. कालवाही तसाच आहे. मिसेस पर्सी या नावात पर्सी हे तिच्या नवऱ्याचे.